पाण्यावरची टगेगिरी

पुणे-नाशिक काय किंवा मुंबई-गोवा काय, हल्ली कुठल्याही हायवेला लागा... ‘चुलीवरची मिसळ’ अशी पाटी दिसणारच! आत एसी असतो, कार्ड चालतं, मेन्यूत चीज मिसळसुद्धा असते. आणि अगदी दर्शनी भागात एक चूल. सारवलेली, रांगोळी काढलेली, वर पितळी पातेलं ठेवलेली. मिसळ आतून, गॅसवरून येते. माझी काही तक्रार नाही बरं का, मी दोन वेळा कट मागून खातो. फक्त एक प्रश्न पडतो, की ज्या धुरापायी आपल्या आज्यांचे डोळे गेले, त्या धुराचे आपण वीस रुपये जास्त का मोजतो?

आणि हे फक्त मिसळीचं नाही हां. आजूबाजूला बघा. कधीही झाडावर न चढलेला आपला टीम लीडर सहा खिशांची कार्गो पॅण्ट घालतो. दोनशे मीटर खोल पाण्यात चालणारं घड्याळ बांधून लोक बेसिनवर हात धुतात. फोर बाय फोर गाड्या मॉलच्या पार्किंगचा चढ चढतात. दिवसभर एक्सेलशीटमध्ये मान घालून बसणाऱ्या माणसाला कष्टकऱ्याचे कपडे घालावेसे वाटतात. कष्ट नकोत, कपडे हवेत!

या फंड्याची समुद्रावरची आवृत्ती मी गेल्या वर्षी सिअ‍ॅटलला पाहिली. टगबोटीसारखी दिसणारी यॉट.

आधी टगबोट म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ती पाहिलेली असते, पण तिच्याकडे बघितलेलं नसतं. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेवरून लाँचमध्ये बसलात की मोठ्या मालवाहू जहाजांच्या आसपास बुटक्या, रुंद, कडेला टायर लटकवलेल्या बोटी फिरताना दिसतात. त्याच त्या. अजस्र जहाजाला बंदराच्या आत चिंचोळ्या जागेत स्वतःला वळवता येत नाही. त्याला ढकलून, ओढून, थोपवून धक्क्याला लावायचं काम टगचं. आपल्याकडे ‘टग्या’ म्हणजे काम न करता उंडारणारा. बंदरातला टग मात्र सगळ्यात जास्त राबतो. मराठीने त्याच्यावर अन्यायच केलाय म्हणा!

तर सिअ‍ॅटलच्या परिसरात, म्हणजे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, याच टगच्या रूपाच्या मौजेच्या बोटी बनतात. एक-दोन हौशी लोकांचा उद्योग नाही हा, चांगला चाळीसेक वर्षांचा धंदा आहे. पुढे उंच नाक, त्यामागे उभ्या काचांची चालकाची केबिन, तिच्यामागे रंगीत पट्टा मारलेलं धुराडं, मागे सखल डेक, कडेने जाड रबरी पट्टी. लहान मुलाला ‘बोट काढ’ म्हटलं की ते जी काढतं ना, अगदी तीच! आत गेलात तर टीकवुडचं फर्निचर, ओव्हन, डबलबेड, गरम पाण्याचा शॉवर.

याची सुरुवात झाली तीच मुळी पेट्रोलपंपावरच्या रांगांमुळे. १९७९ साली इराणमध्ये क्रांती झाली, तेल महागलं आणि अमेरिकेतल्या पेट्रोल ढोसणाऱ्या स्पीडबोटी मालकांना परवडेनाशा झाल्या. सिअ‍ॅटलजवळ शिडाच्या बोटी बांधणारे जेरी हस्टेड नावाचे गृहस्थ होते. त्यांनी लिन सेनूर या डिझायनरकडून २६ फुटी, एका छोट्या डिझेल इंजिनावर चालणारी, टगसारखी दिसणारी बोट काढून घेतली. ‘नॉर्डिक टग २६’. जानेवारी १९८० मध्ये सिअ‍ॅटलच्या बोट शोमध्ये ती मांडली, किंमत तीस हजार डॉलरच्या आत. लोकांनी उचलून धरली. पाठोपाठ लॉरेन हार्ट यांनी जिम बॅकस यांच्याकडून ३७ फुटी ‘लॉर्ड नेल्सन व्हिक्टरी टग’ डिझाइन करून घेतली, ती तैवानमध्ये बांधली जायची. २००० च्या सुमारास ला कॉनर नावाच्या छोट्याशा गावातून ‘अमेरिकन टग’ आली, तिचाही आराखडा सेनूर यांचाच. मग ‘रेंजर टग्ज’. हल्ली मोठ्या मॉडेलची किंमत ऐकायची असेल तर आधी खुर्चीत बसून घ्या.

आता यातली खरी गोम सांगतो. ती पहिली बोट नुसती टगसारखी दिसत नव्हती, चालतही टगसारखीच होती. म्हणजे हळू.

पाण्यात बोटीचा वेग ही मजेशीर भानगड आहे. बोट पुढे जाते तेव्हा नाकापाशी एक लाट उठते आणि शेपटाकडे दुसरी. वेग वाढवला की या दोन लाटांमधलं अंतर वाढत जातं. एका मर्यादेला ते अंतर बोटीच्या लांबीएवढं होतं आणि बोट स्वतःच केलेल्या खड्ड्यात बसते. त्यापुढे जायचं तर स्वतःच्याच लाटेचा डोंगर चढायला लागतो. पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. २५ फूट लांबीला पाचाचं वर्गमूळ... सॉरी, पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणजे ६.७ नॉट. ताशी साडेबारा किलोमीटर. आपल्या सोसायटीतला सायकलवाला पोरगा मागे टाकेल! पण या वेगाच्या आत राहिलात तर असली छोटी बोट तासाला दोनेक गॅलन, म्हणजे सात-साडेसात लिटर डिझेलमध्ये आरामात जाते. वेग दुपटीने वाढवायला गेलात की तेल दुपटीने नाही, कितीतरी पटीने जळतं.

शिवाय हा हळू वेग त्या पाण्याला शोभतोही. सिअ‍ॅटलच्या समोर प्युजेट साउंड, वर सॅन वान बेटं, त्याच्यावर कॅनडाची खाड्या-बेटांची जाळी, थेट अलास्कापर्यंत. हवा थंड, पाऊस रिपरिप. उघड्या स्पीडबोटीत बिकिनी-बिअर वगैरे प्रकार तिथे वर्षातले दोन-तीन महिनेच जमतात. बाकीचा काळ हीटर लावलेल्या बंद केबिनीत उभं राहून, हातात कॉफी धरून बोट चालवायची. त्यात पाण्यात लाकडाचे ओंडके तरंगत असतात. जंगलातून तोडलेले ओंडके बांधून टगने ओढत नेतात, त्यातले सुटलेले भिजून जड होतात आणि उभ्याने तरंगतात, वर फक्त वीतभर टोक. तीस नॉटने त्यावर आदळलात तर सुट्टी तिथेच संपली. सात नॉटला निदान दिसतो तरी.

हे सगळं मला ज्याने शिकवलं तो माझा शाळासोबती. डिलाइल रोडला आम्ही एकाच चाळीत वाढलो. तो आता सिअ‍ॅटलजवळ सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायको डेण्टिस्ट, एक सात वर्षांची मुलगी. पंधरा वर्षं धावल्यावर त्याला आता हळू जायचंय, असं तो म्हणतो. मी म्हटलं, ‘मग चालायला जा!’ पण त्याला बोट हवी होती. तीही टगच.

त्याचं कारण मला माहीत होतं, त्याच्या बायकोलाही माहीत होतं. तोच काय तो बोलत नव्हता. त्याचे बाबा, म्हणजे आमचे काका, मुंबई बंदरात एका खासगी कंपनीच्या टगवर इंजिन ड्रायव्हर होते. खलाशी म्हणून लागले, तेलवाला झाले, परीक्षा देऊन ड्रायव्हर झाले. बत्तीस वर्षं त्यांनी भरती-ओहोटीच्या टाइमटेबलवर काढली. मोठं जहाज भरती बघून आत घ्यायचं, मग भरती रात्री तीनला असो की गणपतीच्या आरतीला. चाळीत काका दिसायचे ते झोपलेले तरी किंवा डबा घेऊन निघालेले तरी. अंगाला डिझेलचा वास. मित्राला लहानपणी त्या वासाची लाज वाटायची, हे तो मला एकदाच, नववीत असताना, बोलला होता.

आता काकू गेल्यापासून काका वर्षातले पाच-सहा महिने अमेरिकेत असतात. आणि मी तिथे असताना एका शनिवारी मित्राने ठरवलं की बाबांना घेऊन टग बघायला जायचं. सून म्हणाली, ‘जा, पण सही करून येऊ नका.’

लेक युनियन म्हणजे शहराच्या मधोमध असलेला तलाव, कालव्याने समुद्राला जोडलेला. विकाऊ बोटी तिथेच लागलेल्या असतात. पहिली दाखवली ती चकचकीत २७ फुटी रेंजर. रुंदी बरोबर साडेआठ फूट, कारण अमेरिकेत त्याहून रुंद वस्तू ट्रेलरवरून हायवेने न्यायची तर खास परवानगी लागते. म्हणजे ही टगबोट गाडीच्या मागे बांधून ओढत नेता येते. टगलाच ओढायचं! मागे तीनशे हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन, तीस नॉटच्या वर पळते म्हणे. आणि वर धुराडं. आता आउटबोर्डचा धूर पाण्याखालून जातो. आत इंजिन असलेल्या बोटींचाही पाण्यात मिसळून मागून बाहेर पडतो. मग या धुराड्यात काय असतं? विकणाऱ्या पोराने अभिमानाने झाकण उघडून दाखवलं. स्टोरेज!

काका वर चढले. वय वर्षं त्र्याहत्तर, पण बोटीवर पाय टाकताना त्यांनी कोणाचा हात धरला नाही. धुराड्यावर बोटाने टकटक केलं. मी मित्राकडे पाहिलं, तो दुसरीकडे बघत होता.

‘पोकळ हाय,’ काका म्हणाले. मग मला म्हणाले, ‘आमच्या फनेलच्या मागे आम्ही कपडे वाळत घालायचो. पावसाळ्यात अख्ख्या बोटीवर सुकं मिळायची तेवढीच जागा.’

यात टोमणा होता का? मला तरी वाटत नाही. काका बोट बघत होते, अगदी मुलगी बघायला गेल्यासारखी! मागच्या डेकवर उभे राहून त्यांनी विचारलं, हूक कुठाय? मित्राने भाषांतर केलं, सेल्समन हसला. मग काकांनी मलाच समजावलं. टगचा ओढायचा हूक शेवटी नसतो, जवळजवळ मधोमध असतो. शेपटाला दोर बांधला तर टगला तोंडच फिरवता येणार नाही. मधून बांधला की नाक मोकळं, शेपूट मोकळी. म्हणून केबिन पुढे सरकवलेली आणि मागचा डेक लांब, सखल, रिकामा. दोराला वावरायला जागा पाहिजे. पण त्यातच धोका. ओढता ओढता जहाज पुढे निघालं आणि दोर आडवा ताणला गेला, तर तो टगला कुशीवर पाडतो. काही सेकंदांचा खेळ. त्या क्षणी हूक सोडायला माणूस हजर पाहिजे.

म्हणजे बघा, त्या देखण्या आकारातल्या प्रत्येक रेषेमागे कुणीतरी बुडू नये म्हणून केलेला विचार आहे. यॉटवर रेषा तशाच आहेत आणि हुकाच्या जागी सोफा. त्यावर तीन उश्या, नांगराचं चित्र असलेल्या.

काका तिथे काही बोलले नाहीत, पण मला आठवलं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात ‘वरप्रदा’ नावाची टगबोट बुडाली. तेरा जण होते, दोघं वाचले. त्या आठवड्यात काका दापोलीजवळच्या गावी होते आणि मित्र रोज फोन करायचा. काका फोनवर यायचे, पण वादळात पडलेल्या आंब्यांबद्दलच बोलायचे.

तिथून पाच-दहा मिनिटांवर, त्याच तलावाच्या काठाला, जुनी जहाजं जपून ठेवलेली आहेत. त्यात ‘आर्थर फॉस’ नावाचा लाकडी टग आहे, १८८९ साली बांधलेला. मूळ नाव ‘वॉलोवा’. आधी वाफेवर चालायचा, कोलंबिया नदीच्या मुखाशी शिडाची जहाजं ओढायचा, सोन्याच्या गर्दीत अलास्काला जाऊन आला. १९३३ च्या ‘टगबोट अ‍ॅनी’ या हॉलिवूडच्या सिनेमात त्याने चक्क कामही केलंय. मग १९३४ साली त्यात सातशे हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बसवलं आणि नाव बदललं. सिनेमातल्या त्या अ‍ॅनीमागे थिया फॉस या बाईची प्रेरणा होती असं मानतात. नॉर्वेहून आलेली, टकोमा बंदरात राहणारी बाई. १८८९ मध्येच तिने पाच डॉलरला एक जुनी वल्ह्याची होडी घेतली, रंगवली, फायद्यात विकली. त्यातून होड्या भाड्याने द्यायचा धंदा आणि त्यातून टगची अख्खी कंपनी उभी राहिली. रंगवून विकण्याचा इतिहास तिथे जुनाच आहे, एवढंच मला म्हणायचंय!

काका आर्थर फॉसपाशी धक्क्यावर बराच वेळ उभे राहिले. शंभर फुटांहून लांब धूड, मोठं खरं फनेल. मित्राने विचारलं, ‘बाबा, आवडली?’

‘ह्याच्यावर काम करणाऱ्यांचे कान गेले असतील,’ काका म्हणाले. ‘म्युझियम केलं ते बरं केलं.’

मला वाटलं होतं काका भावुक होतील. मित्राला तर नक्कीच तसं वाटलं होतं, मोबाइलचा कॅमेरा काढून तयार होता. पण जुना टग त्यांना सुंदरबिंदर अजिबात वाटला नाही. आपल्याला तो सुंदर वाटतो, कारण आपण त्याच्या पोटात उतरून पंचेचाळीस डिग्रीत ऑइल भरलेलं नाही. आजचे खरे टग तर असे दिसतही नाहीत. त्यांच्या तळाशी चारी बाजूंना फिरणारे प्रॉपेलर असतात, आकार डब्यासारखा, काचा सगळीकडून. यॉटवाले त्यांची नक्कल करत नाहीत. नक्कल होते ती आजोबांच्या काळातल्या टगची. जे काम संपलं, त्याचीच फॅशन येते.

परतताना मित्राने अजून एक बोट दाखवली. १९८० च्या दशकातली नॉर्डिक टग २६, तिसऱ्या की चौथ्या मालकाच्या हातातली. रंग उडालेला, पडदे भयंकर. काकांनी फळी उचलायला लावली आणि इंजिनकडे वाकून पाहिलं. एक इंजिन, एक शाफ्ट, चारी बाजूंनी हात जाईल एवढी जागा. त्यांनी खिशातून रुमाल काढला, इंजिनखाली फिरवला आणि उजेडात धरून बघितला. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही.

‘ही बरी हाय,’ काका म्हणाले. ‘हळू जाईल. पण हिला खोटं बोलायला लागत नाय.’

गाडीत मित्राने सुनेच्या वतीने आम्हालाच हिशेब ऐकवला, पाठच होता त्याला. बोट उभी करायच्या जागेचं दरमहा भाडं, तेही फुटावर. विमा. वर्षा-दोन वर्षांनी पाण्याबाहेर काढून तळाला रंग. गंज खाऊ नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे बदलणं. या सगळ्यात सिअ‍ॅटलहून सॅन वान बेटांवर जायला नऊ तास लागणार, गाडी आणि फेरीने गेलं तर त्याच्या निम्म्यात पोचतो माणूस. ‘मग कशाला घेतोयस?’ मी विचारलं. तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिला. मागच्या सीटवरून काका म्हणाले, ‘नऊ तास बरोबर बसायला मिळतील. बत्तीस वर्षांत मला कुठे मिळाले?’

सिग्नल हिरवा झाला होता, मागच्याने हॉर्न दिला.

बोट घेतली त्यांनी. सुनेच्या अटी दोन... भाड्याची जागा घरापासून वीस मिनिटांच्या आत आणि ऑफिसचा लॅपटॉप बोटीवर आणायचा नाही. दुसरी अट पहिल्याच महिन्यात दोनदा मोडली गेली, एकदा खुद्द तिच्याकडून, पेशंटचे एक्सरे बघायला. पडदे बदललेत. काका मेमध्ये गावी आले, आता आंबे, फणस आणि दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. कॉलवर नातीची चौकशी नंतर, आधी डिपस्टिक दाखवायची. ‘जवळ आण... अजून जवळ... तेल काळं दिसतंय, बदल.’ साडेबारा हजार किलोमीटरवरून सर्व्हिसिंग!

धुराड्याचा रंग तेवढा ठरायचाय. मित्राला काकांच्या कंपनीचा जुना लाल-काळा हवाय, सून पांढरा-निळा म्हणते, पोरीला गुलाबी. काकांनी मत दिलेलं नाही. त्यांनी फक्त विचारलंय, की त्या पोकळ डब्याला मागून दोन खिळे मारता येतील का, म्हणजे दोरी बांधता येईल.